शब्द, स्वर आणि ऐकणारा

नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते : फुलांसाठी आणि रेल्वेच्या जंक्शनसाठी. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरून आदिलाबादकडे जाणारा फाटा येथेच फुटतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि तेलंगणाची सीमा येथून दूर नाही. त्यामुळे येथील माणसाच्या कानाला लहानपणापासून मराठी, तेलुगू, दखनी उर्दू आणि बंजारा बांधवांची गोरमाटी अशा अनेक बोलींची सवय असते. या गावाने आम्हाला ऐकण्याविषयी एक धडा शिकवला. तो शिकताना आमच्या पदरी थोडी नामुष्कीही आली. तो धडा वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ येथे राहतात. त्यांचे नाव सांगणे उचित नाही. आपण त्यांना काका म्हणू. काका रेल्वेत पॉइंट्समन होते. त्यांची सारी नोकरी आवाज ओळखण्यात गेली. गाडी कोणत्या रुळावर येत आहे हे ते दिसण्यापूर्वी सांगत. मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा त्यांच्या घरच्याच. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात व उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. ‘हं’ आणि ‘नको’ या दोनच उच्चारांवर त्यांचे बोलणे आले. त्यातही ‘नको’ हा शब्द होकारालाही येई आणि नकारालाही.

झटक्यानंतर चार महिन्यांनी त्यांच्या मुलाने आम्हाला घरी बोलावले. नातवाच्या शिक्षणासाठी पैसा उभा करायचा होता आणि काकांच्या नावावरील घराशेजारची जागा विकायचे ठरत होते. कागदावर काकांचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून आमची सही, अशी योजना होती. ‘त्यांना विचारलंत का?’ असे आम्ही म्हणालो खरे. पण मुलगा उत्तरला, ‘ते कुठं काय समजायलेत, फादर? दादांच्यात आता काही राहिलं नाही.’ आम्ही खाटेकडे पाहिले. काका छताकडे पाहत होते. आणि आम्ही, ज्यांनी आयुष्यभर मनुष्याच्या प्रतिष्ठेवर प्रवचने केली, ते आम्ही म्हणालो, ‘खरं आहे. तुम्ही सद्‌हेतूने करीत आहात. त्यांना त्रास कशाला द्यायचा?’ त्यानंतर अर्धा तास त्या खाटेशेजारी बसून, चहा पीत, काका जणू तेथे नाहीतच अशा थाटात आम्ही त्यांच्याविषयी बोललो.

आठ दिवसांनी त्याच घरात कौटुंबिक प्रार्थना होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एक भजन कोणीतरी सुरू केले. दुसऱ्या ओळीला खाटेवरून एक जाडाभरडा आवाज त्यात मिसळला. काका गात होते. नुसता सूर नव्हे. शब्दांसह, ओळीमागून ओळ. सारे थबकले, तरी ते गातच राहिले. भजन संपले आणि सूनबाईंच्या तोंडून निघून गेले, ‘म्हणजे इतके दिवस मामा सोंग करायले होते का?’ त्या प्रश्नात राग होता, आणि चार महिने केलेल्या सेवेचा शीणही होता. आमच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला : आठ दिवसांपूर्वी या माणसाने काय काय ऐकले असेल?

नांदेडच्या एका डॉक्टरांनी आमच्या शंकेचे निरसन केले. सोंग नाही आणि चमत्कारही नाही, ते म्हणाले. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली आहे, उजवी बाजू शाबूत आहे. त्यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले. त्यातील जे निश्चित आहे तेवढेच येथे सांगतो.

१८६१ साली पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यवैद्यापुढे एक रोगी आला. गेली एकवीस वर्षे त्याला ‘टॅन’ या एका अक्षरापलीकडे काही उच्चारता येत नव्हते. परंतु त्याला सांगितलेले पुष्कळसे समजत असे. मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात इजा आढळली. (योगायोग असा की ज्यांचे भजन काका गायले, त्या टिळकांचा जन्मही १८६१ चाच.) पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांचे वर्णन केले. त्यांची वाणी अस्खलित, पण बोलणे अर्थहीन, आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. त्यांची इजा डाव्या गोलार्धात, परंतु मागच्या बाजूला होती. म्हणजे बोलणे आणि समजणे या एकाच दिव्याच्या दोन ज्योती नव्हेत. एक विझली तरी दुसरी तेवत राहू शकते. काकांच्या प्रकारच्या वाचाघातात गुंतागुंतीची वाक्ये कठीण जातात, परंतु साधे बोलणे बहुधा कळते. आमचे त्या दिवशीचे बोलणे अगदी साधे होते.

आता ऐकण्याकडे वळू. प्रत्येक कानातून निघालेली वार्ता मेंदूच्या दोन्ही गोलार्धांकडे जाते. परंतु विरुद्ध बाजूकडे जाणारी वाट अधिक रुंद असते. १९६१ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे डोरीन किमुरा या संशोधिकेने माणसांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन निरनिराळे आकडे ऐकवले. उजव्या कानात पडलेले आकडे अधिक अचूक सांगितले गेले, कारण उजव्या कानाची मोठी वाट डाव्या गोलार्धाकडे, भाषेच्या घराकडे जाते. १९६४ मध्ये त्यांनी आकड्यांऐवजी सुरावटी ऐकवल्या, तेव्हा डावा कान सरस ठरला. पुढे २०२० मध्ये त्याच नगरातील रॉबर्ट झॅटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वाक्ये दहा चालींवर गाऊन घेतली व अशा शंभर गीतांवर प्रयोग केला. ध्वनीतील वेळेचा सूक्ष्म तपशील पुसट केला की शब्द कळेनासे होत, चाल कळे. स्वरांच्या उंचीचा तपशील पुसट केला की चाल हरपे, शब्द उरत. पहिल्या कामात मेंदूचा डावा श्रवणभाग निपुण, दुसऱ्यात उजवा. ‘पान’ आणि ‘बाण’ यांच्या आरंभीच्या व्यंजनांतील भेद सेकंदाच्या काही शतांशांचा असतो. तो पकडायला काळाची सूक्ष्म जाण लागते. आईच्या हाकेतील काळजी ओळखायला मात्र स्वराची जाण लागते.

यावरून काही मंडळी घाईने निष्कर्ष काढतात की काही माणसे ‘डाव्या मेंदूची’ म्हणजे हिशेबी, आणि काही ‘उजव्या मेंदूची’ म्हणजे कलावंत. शाळांच्या शिबिरांतूनही हे सांगितले जाते. हे खरे नव्हे. अमेरिकेतील युटा विद्यापीठात २०१३ मध्ये एक हजाराहून अधिक व्यक्तींच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासण्यात आल्या. काही माणसांचा सगळा डावा मेंदूच बलवान आणि काहींचा सगळा उजवाच, असे आढळले नाही. कामे वाटलेली आहेत, माणसे वाटलेली नाहीत. दोन्ही गोलार्धांना जोडणारा सुमारे वीस कोटी तंतूंचा जाड पट्टा अहोरात्र वार्ता इकडून तिकडे नेत असतो.

तरीही ऐकणाऱ्या-ऐकणाऱ्यांत भेद असतो, आणि तो मोठा मनोरंजक आहे. डावखुऱ्या माणसांपैकी बहुतेकांची भाषा डाव्या गोलार्धातच असते. परंतु ती उजवीकडे किंवा दोहोंकडे असण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांहून अधिक आहे. शिक्षणानेही फरक पडतो. १९७४ मध्ये बीव्हर आणि किआरेलो या संशोधकांना असे आढळले की संगीत न शिकलेले श्रोते सुरावट डाव्या कानाने चांगली ओळखतात, तर संगीत शिकलेले उजव्या कानाने. ज्याला राग ठाऊक आहे तो सुरावटीचे अवयव वेगळे करून, जणू वाक्य वाचावे तशी ती ऐकतो. मातृभाषेनेही फरक पडतो. थाई भाषेत स्वराच्या चढ-उताराने शब्दाचा अर्थ बदलतो. १९७३ मध्ये केलेल्या प्रयोगात थाई माणसांना असे शब्द उजव्या कानाने अधिक नेमके कळले. तोच चढ-उतार शब्दाविना, नुसता गुणगुणून ऐकवला, तेव्हा उजव्या कानाचे ते वर्चस्व नाहीसे झाले. इंग्रजी भाषकांच्या बाबतीत ते मुळातच दिसले नाही.

थायलंड दूर राहो. नांदेडला सचखंड गुरुद्वारात पंजाबहून यात्रेकरू येतात. पंजाबीही अशीच स्वरभेदाची भाषा आहे. घोडा, चाबूक आणि कुष्ठरोगी या अर्थांचे तीन शब्द पंजाबी मुखातून निघाले की आमच्या मराठी कानाला एकसारखेच वाटतात. भेद असतो तो सुराच्या चढ-उताराचा. जेथे आम्हाला केवळ हेल ऐकू येतो, तेथे त्यांना शब्द ऐकू येतो. याच गुरुद्वारात नामदेवांची पदे गायली जातात. नामदेव हे शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसीचे म्हणून ओळखले जातात आणि त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. तो ग्रंथ रागांनुसार रचलेला आहे. म्हणजे शब्द कोणता हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो कोणत्या स्वरात यावा हेही महत्त्वाचे, असे त्या संकलनकर्त्यांनी मानले.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. १९७८ साली जपानमधील त्सुनोदा या कर्णतज्ज्ञांनी एक ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की जपानी भाषेत वाढलेला मनुष्य कीटकांची किरकिरसुद्धा भाषेच्या गोलार्धाने ऐकतो, तर पाश्चात्त्य मनुष्य तो केवळ गोंगाट म्हणून ऐकतो. ग्रंथ फार गाजला. परंतु इतर संशोधकांना तसा निष्कर्ष भरवशाने मिळाला नाही. ‘आमचा मेंदूच निराळा’ हे ऐकायला कोणत्याही समाजाला गोड वाटते. म्हणूनच अशा गोष्टी कानावर पडल्या की थोडे थांबावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शब्द एक बाजू ऐकते, स्वर दुसरी. मग ऐकणारा कोण? आणि खरे ऐकणे कोणते?

हा प्रश्न संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या पद्धतीने विचारला होता. ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या दहाव्या भागात ते मंदिरातील गायनाविषयी कबुली देतात. जेव्हा गायिलेल्या वचनापेक्षा गायनच आपल्याला अधिक हलवते, तेव्हा आपण दोषी आहोत, असे त्यांना वाटते. अशा वेळी गायन कानी न पडते तर बरे, असेही वाटते. पण लगेच त्यांना श्रद्धेच्या आरंभीच्या दिवसांत मंदिरातील गायन ऐकून ढाळलेले अश्रू आठवतात आणि ते गायनाच्या बाजूने कौल देतात. (‘जो गातो तो दोनदा प्रार्थना करतो’ हे वाक्य त्यांच्या नावावर सर्रास सांगितले जाते, त्या शब्दांत ते त्यांच्या लिखाणात सापडत नाही.) ऑगस्टीन यांचा ओढा असा की शब्द हा धनी आणि स्वर हा चाकर, चाकराने धन्याच्या पुढे जाऊ नये.

आम्हीही सेमिनरीत हेच शिकलो आणि पुष्कळ वर्षे हेच मानले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली, तेव्हा लोकांना शब्द कळावेत हाच मोठा हेतू होता, आणि तो योग्यच होता. परंतु आमच्या आजीला लॅटिनचा एक शब्द कळत नसे. तरीही मिस्साच्या कोणत्या क्षणी गुडघे टेकायचे, हे तिला धर्मगुरूंच्या आवाजावरून समजत असे. ती ऐकत नव्हती असे म्हणण्याचे धाडस आमच्याने होत नाही. आणि काकांच्या बाबतीत तर चाकरानेच धन्याला पाठीवर घेऊन घराबाहेर आणले. जे शब्द बोलण्याच्या वाटेने येऊ शकत नव्हते, ते चालीच्या वाटेने आले. १९७३ पासून वैद्यक याच वाटेचा उपयोग करीत आहे : वाचाघाताच्या रोग्याला साधी वाक्ये गाऊन म्हणायला शिकवतात, हाताने ताल धरायला लावतात आणि हळूहळू गाण्याचे बोलणे करतात. सर्वांना याचा सारखा लाभ होत नाही, काहींना होतो.

याची दुसरी बाजूही आहे. ज्यांच्या उजव्या गोलार्धाला इजा होते, त्यांपैकी काहींना शब्द सर्व कळतात, पण बोलण्यातील भाव कळत नाही. ‘वा, फार छान केलंस!’ हे उपरोधाने म्हटले तरी ते शब्दच धरून बसतात. हे वर्णन वाचताना आम्ही ओशाळलो. कारण ज्यांचा मेंदू पूर्ण धडधाकट आहे असे आम्ही सारे घराघरांत हेच करीत असतो. ‘मी कुठे रागावलो? मी तर फक्त विचारले!’ असे म्हणून नवरा शब्दांच्या आड लपतो. ‘काही नाही, बरी आहे’ एवढे शब्द घेऊन मुलगा आईच्या खोलीतून निघून जातो आणि तो आवाज उंबऱ्यातच ठेवून येतो. पापनिवेदनाच्या जाळीआड बसणाऱ्या धर्मगुरूला चेहरा दिसत नाही. त्याच्या हाती असतो केवळ आवाज. तेथेही पापांची यादी ऐकून घ्यायची आणि ती सांगणाऱ्याचा कंप न ऐकता प्रायश्चित्त सांगून मोकळे व्हायचे, हा अपराध आमच्याकडून किती वेळा घडला असेल, हे देवच जाणे.

यावर कोणी म्हणेल, ‘फादर, हा मेंदूच्या रचनेचा खेळ, त्यात नीती-अनीती कुठून आली?’ आक्षेप रास्त आहे. आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेतूनच मिळते, ही समाधानाची गोष्ट आहे. नॉर्वेतील बर्गन येथे केनेथ हुग्डाल यांनी तोच दोन कानांचा प्रयोग एक फरक करून केला. श्रोत्याला त्यांनी सांगितले, ‘आता डाव्या कानाकडे लक्ष द्या.’ तेवढ्याने उजव्या कानाचे वर्चस्व घटते. काहींच्या बाबतीत ते उलटते. रचना तीच, ध्वनी तेच. बदलले ते केवळ लक्ष. रचना आपल्याला एका बाजूला कलवते, पण बांधून टाकत नाही. लक्ष कुठे द्यायचे, हे काही अंशी आपल्या हाती असते. आणि जे आपल्या हाती असते तेथूनच नीतीचा प्रश्न सुरू होतो.

आपल्या मराठीने हा भेद केव्हाच ओळखला आहे. ‘कानावर पडणे’ वेगळे आणि ‘ऐकणे’ वेगळे. ‘कानाआड करणे’ हे क्रियापदच सांगते की न ऐकणे हीही एक कृती आहे, आणि कृती म्हटली की कर्ता आला. तेव्हा ऐकणारा कोण, या प्रश्नाला आमचे उत्तर असे : डावा गोलार्ध ऐकत नाही, उजवाही ऐकत नाही. जो या दोघांनी आणलेले स्वीकारतो, त्यातील एक टाकून दुसरे सोयीने उचलत नाही आणि आपण काय ऐकले याचा जाब द्यायला तयार असतो, तो ऐकणारा. त्याला आत्मा म्हणावे की आणखी काही, याविषयी तत्त्वज्ञांचा वाद चालू राहील. जबाबदारी मात्र तो वाद मिटेपर्यंत थांबत नाही.

काकांच्या खाटेशेजारी आमचे दोन्ही कान चालू होते. शब्द नव्हते, म्हणून माणूसही नाही असे आम्ही ठरवले. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील डॉक्टरांनी २०१६ मध्ये ६०८ पक्षाघाताच्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांची बुद्धी झटक्यानंतरही शाबूत राहिली होती. एकभाषकांत हे प्रमाण सुमारे वीस टक्के होते. वाचा जाण्याचे प्रमाण मात्र दोहोंत सारखेच.  हे वाचण्यापूर्वी आम्हाला एवढेतरी कळायला हवे होते की विचारून पाहावे.

डॉक्टरांकडून आल्यावर आम्ही ते पाहिले. त्यांच्या ‘नको’वर भरवसा ठेवता येत नव्हता, म्हणून होकाराला डावा हात वर आणि नकाराला मूठ, असे ठरवले. आधी ज्यांची उत्तरे सर्वांना ठाऊक आहेत असे प्रश्न विचारले. सारी उत्तरे बरोबर आली. मग तो कागद छोट्या छोट्या वाक्यांत मराठीत वाचला आणि त्यांच्या बहिणीने तो तेलुगूत सांगितला. शेवटी मुलाने विचारले, ‘दादा, विकू का?’ काकांनी आपली डावी मूठ आवळली आणि बराच वेळ ती सोडली नाही.

जागा विकली गेली नाही. नातवाच्या फीसाठी कर्ज काढावे लागले आणि त्या घरात आमचे स्वागत काही महिने थंडच होते. मुलाचा तो राग अवाजवी होता असे आम्ही म्हणणार नाही. खर्चाचा भार त्याच्या डोक्यावर होता, आमच्या नव्हे. सूनबाईंनी मात्र डॉक्टरांकडून गाऊन बोलायची रीत शिकून घेतली. परवा गेलो तेव्हा काका डाव्या हाताने खाटेच्या कडेवर ठेका धरीत भजनाच्या चालीवर ‘पाणी दे’ म्हणाले. तिने तांब्या पुढे केला आणि त्याच चालीत विचारले, ‘मामा, गार की कोमट?’